ब्राइस कॅन्यन बघायचं तर आधी उंची समजून घ्या

अमेरिकेत युटा राज्याच्या दक्षिण भागात ब्राइस कॅन्यन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. लास वेगासहून गाडीने साधारण चार तास, सॉल्ट लेक सिटीहूनही तेवढेच. कॅलिफोर्नियात किंवा ॲरिझोनात राहणारी मराठी कुटुंबं भारतातून आईबाबा आले की झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन अशी एक फेरी हमखास करतात. त्यात ब्राइसच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धा दिवस येतो. गाडीतून उतरायचं, कठड्यापाशी जायचं, समोरचे हजारो केशरी-गुलाबी सुळके बघून थक्क व्हायचं, फोटो काढायचे आणि पुढच्या मुक्कामाला लागायचं. दृश्य असं आहे की तेवढ्यावरही माणूस खूश होऊन परततो. पण हे सुळके इथेच एवढे का, शेजारच्या झायनमध्ये का नाहीत? जून महिन्यातही पहाटे स्वेटर का लागतो? जरासा चढ चढला की धाप का लागते? आणि रात्री आकाशात एवढे तारे कसे? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे या जागेची उंची. ती समजली की कधी जायचं, किती चालायचं, कुठे थांबायचं हेही ठरवता येतं.

उद्यानाच्या तोंडाशी असलेलं व्हिजिटर सेंटर समुद्रसपाटीपासून ७,८९४ फुटांवर आहे. तिथून अठरा मैलांचा रस्ता पठाराच्या कडेने दक्षिणेकडे चढत जातो आणि रेनबो पॉइंटला संपतो. तिथली उंची ९,११५ फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्याही अडीच हजार फूट वर आपण गाडी लावतो. हे चटकन लक्षात येत नाही, कारण शेवटच्या टप्प्यात घाट चढल्यासारखं काही वाटतच नाही. रस्ता सपाट माळावरून आणि पाइनच्या जंगलातून येतो, आजूबाजूला साधी झाडं आणि गवत असतं, आणि झाडांमधून चार पावलं पुढे गेलं की पायाखालची जमीन संपते.

पलीकडे एक प्रचंड वाटी आहे. तिला ब्राइस ॲम्फीथिएटर म्हणतात. आठशे फूट खोल, आणि तिच्यात तळापासून काठापर्यंत उभे सुळकेच सुळके. काही माणसाएवढे, काही दहा मजली इमारतीएवढे. या सुळक्यांना तिथे हूडू म्हणतात आणि जगात ते इतक्या संख्येने एका जागी दुसरीकडे कुठेच नाहीत.

या वाटीत बारमाही नदी शोधली तर सापडत नाही. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी कोलोरॅडो नदी आहे, झायनमध्ये व्हर्जिन नदी आहे. त्या दऱ्या त्या नद्यांनी कापल्या. ब्राइसची गोष्ट वेगळी. पाउन्सॉगंट नावाच्या पठाराची पूर्वेकडची कड इथे वरून कुरतडली जात आहे आणि ही वाटी म्हणजे त्या कडेला पडलेला मोठा खळगा. पावसाचं पाणी इथून ओघळत पारिया नदीच्या खोऱ्यात उतरतं, पण वर्षाचे बरेच दिवस हे ओहोळ कोरडेच असतात. मग एवढं कोरीव काम केलं कुणी?

त्यासाठी दगडापासून सुरुवात करावी लागते. सुमारे पाच कोटी ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ सरोवरं होती. भोवतालच्या डोंगरांवरून येणाऱ्या ओढ्यांनी त्यांत गाळ आणून टाकला. कधी पाणी जास्त असे, तेव्हा तळाशी चुनखडी साचली. कधी सरोवर आटत असे, तेव्हा चिखल आणि रेती साचली. असे थरांवर थर बसून त्यांचा खडक झाला. भूवैज्ञानिक याला क्लॅरन फॉर्मेशन म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला एक गोष्ट सांगावीशी वाटते: आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्यापासून बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. म्हणजे ब्राइसमधला हा दगड राजगड-तोरण्याच्या दगडापेक्षा वयाने लहान आहे. पण आपला बेसाल्ट घट्ट आणि बराचसा एकजिनसी, तर ब्राइसचा दगड थराथराला बदलणारा. एक थर कणखर चुनखडीचा, त्याच्याखाली हाताने भुगा होईल असा चिखलाचा, त्याच्याखाली पुन्हा चुनखडी. हूडूंची सगळी शक्यता या विषमतेत आहे.

रंगही याच गाळातले. लोखंडाचा अंश गंजला की तांबडा आणि केशरी होतो, त्याच्या दुसऱ्या एका रूपाने पिवळा, मँगनीजमुळे जांभळट. जिथे लोह कमी तिथे दगड पांढराशुभ्र राहतो.

पुढे हा सगळा प्रदेश, ज्याला कोलोरॅडो पठार म्हणतात, भूगर्भातल्या हालचालींनी हळूहळू वर उचलला गेला. दोन गोष्टी झाल्या. सरोवराचा तळ आठ-नऊ हजार फुटांवर जाऊन बसला. आणि त्या ताणाने खडकात उभ्या, जवळजवळ समांतर भेगांचे गट पडले, एकमेकांना छेद देणारे. या भेगा म्हणजे पुढच्या कोरीव कामासाठी आखून ठेवलेल्या रेषाच.

रोज रात्री काय होतं

आता उंचीचं काम सुरू होतं. आठ-नऊ हजार फुटांवर हवा विरळ असते, आणि युटा हा वाळवंटी मुलूख असल्याने ती कोरडीही असते. दिवसा ऊन कडक पडतं, दगड तापतो, बर्फ वितळतो. रात्री ही उष्णता अडवून धरायला हवेत पुरेसं बाष्प नसतं, बरेचदा ढगही नसतात, त्यामुळे ती भराभर आकाशात निघून जाते आणि तापमान शून्याखाली उतरतं. सकाळी पुन्हा वर. वर्षातले १७० हून अधिक दिवस इथे असे जातात की एकाच दिवसात तापमान गोठणबिंदूच्या दोन्ही बाजूंना जाऊन येतं. जवळजवळ निम्मं वर्ष.

दिवसा वितळलेलं पाणी भेगांत उतरतं. रात्री ते गोठतं, आणि गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. काठोकाठ भरून घट्ट बूच लावलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये विसरली तर तिचं काय होतं हे घरोघरी माहीत आहे. भेगेतला बर्फही दगडाला आतून तसाच रेटतो. एका रात्रीत केसभर. दुसऱ्या दिवशी बर्फ वितळतो, पाणी त्या केसभर वाढलेल्या भेगेत आणखी खोल जातं, आणि रात्री पुन्हा रेटतं. हजारो वर्षं, वर्षाला १७० वेळा.

झायनच्या दरीचा तळ चार हजार फुटांवर आहे. तिथे रात्री गोठण्याचे दिवस बरेच कमी. उलट याहून फार उंच गेलं तर थंडीच्या महिन्यांत दिवसासुद्धा बर्फ वितळत नाही, आणि जे पाणी गोठूनच राहतं ते नव्याने रेटत नाही. दगड फोडण्याच्या कामाला थंडीपेक्षा थंडी आणि उन्हाची रोजची ये-जा जास्त उपयोगी पडते. ब्राइसची कड नेमकी अशा उंचीवर आहे जिथे ही ये-जा सर्वांत जास्त वेळा होते. माझ्या मते ब्राइसबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही.

बर्फाच्या जोडीला पाऊस असतो, पण आपल्याला पाऊस म्हणताना जे डोळ्यांसमोर येतं तसा नाही. महाबळेश्वरला जुलैच्या एका भरगच्च आठवड्यात जेवढा पडतो, साधारण तेवढाच इथे वर्षभरात, हिवाळ्यातलं बर्फ धरून. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून किंचित आम्लता येते, आणि चुनखडी त्यात हळूहळू विरघळते. सुळक्यांच्या कडा टोकदार न राहता गोलसर होतात त्या यामुळे. उन्हाळ्यातल्या वादळी सरींचं मुख्य काम मात्र सफाईचं. बर्फाने फोडलेला चुरा भेगांमध्येच साठून राहिला असता तर काम केव्हाच थांबलं असतं. सरी तो वाहून नेतात, भेग मोकळी होते, बर्फाला पुन्हा वाव मिळतो.

असं होता होता पठाराच्या कडेतून आधी पातळ, उंच भिंती सुट्या होतात. मग भिंतीच्या कच्च्या थरातून आरपार भोक पडतं, खिडकीसारखं. खिडकी मोठी होत जाते, वरची कमान एक दिवस कोसळते, आणि दोन्ही बाजूंना उरतात ते खांब म्हणजे हूडू. पठार, भिंत, खिडकी, सुळका हे चारही टप्पे एकाच व्ह्यू पॉइंटवरून शेजारी शेजारी दिसतात. इन्स्पिरेशन पॉइंटवर उभं राहून डोळे काठापासून खाली हळूहळू उतरवत न्या. काठाजवळ सलग कडा, जरा खाली भिंती, त्याखाली खिडक्या आणि सुळके, आणि अगदी तळाशी सुळके झिजून उरलेल्या लाल मातीच्या टेकड्या. जितकं खाली, तितकं जुनं काम.

एखादा हूडू जवळून बघण्यासारखा असतो. पाच-सहा फुटांवर उभं राहिलं की त्याच्या अंगावरचे आडवे कंगोरे दिसतात. बाहेर आलेला प्रत्येक कंगोरा पक्क्या थराचा, आत गेलेली प्रत्येक खाच कच्च्या थराची. डोक्यावर बऱ्याचदा फिकट रंगाचा जड दगड असतो. तो मॅग्नेशियमचं प्रमाण जास्त असलेल्या डोलोमाइटचा. पावसात तो साध्या चुनखडीपेक्षा फार सावकाश विरघळतो, आणि तो वर आहे तोवर खालचा खांब टिकतो. त्यातही एक बारकावा आहे. पाऊस पडला की वरच्या चिखलाच्या थरातली माती भिजून खांबावरून खाली ओघळते आणि सुकते. त्यामुळे सुळक्याच्या अंगावर लाल मातीचा गिलावा चढलेला असतो, आणि काही काळ तोच गिलावा आतल्या दगडाचं रक्षण करतो. हात लावून बघायचा मोह होतो, पण लावू नये. तो इतका ठिसूळ आहे की बोटाला मातीच लागते. नावं कोरण्याचा प्रकार इथेही होतो, ते बघून फार वाईट वाटतं.

ही झीज आपल्या आयुष्यात दिसण्याइतकी वेगवान आहे. पठाराची कड शंभर वर्षांत सरासरी दोन ते चार फूट मागे हटते. सनराइज पॉइंटजवळ एक लिंबर पाइनचं झाड आहे, त्याच्याकडे बघितलं की हा आकडा समजतो. झाड रुजलं तेव्हा जमीन त्याच्या बुंध्यापर्यंत होती. आता खालची माती वाहून गेली आहे आणि झाड आपल्या मुळांवर, कित्येक पायांवर उभं राहिल्यासारखं, काठावर उभं आहे. थॉर्स हॅमर नावाचा प्रसिद्ध सुळका आहे. त्याच्या जवळच सेंटिनल नावाचा एक सडपातळ सुळका होता. २०१६ च्या नोव्हेंबरात त्याचा वरचा भाग पडला. २००६ साली वॉल स्ट्रीट नावाच्या अरुंद घळीत मोठी दरड कोसळून वाट बंद पडली होती. हिवाळ्यात आणि वसंतात ही घळ पर्यटकांसाठी बंद ठेवतात त्यामागे हेच कारण आहे: गोठणं-वितळणं जोरात चालू असतं आणि दगड त्याच दिवसांत सुटतात.

पाणी जास्त झालं तर

उद्यानाच्या उत्तरेकडे, मुख्य दारातून आत न शिरता, मॉसी केव्ह नावाची एक छोटी पायवाट आहे. बरेच जण ती सोडून देतात. पण हूडू कसे बनतात हे पटवून घ्यायचं असेल तर इथे यावं. खाली ट्रॉपिक नावाचं गाव आहे. तिथे वस्ती करायला आलेल्या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्यांना पाणी पुरत नव्हतं. १८९० ते १८९२ अशी तीन वर्षं त्यांनी कुदळ-फावड्याने खणून, पठारावरच्या सेव्हियर नदीच्या फाट्यातलं पाणी पाटाने या घळीत आणून सोडलं. तेव्हापासून या घळीतून पाणी वाहतं. भोवतालच्या कोरड्या घळी सुळक्यांनी भरलेल्या आहेत. ही मात्र सव्वाशे-दीडशे वर्षांतच ओढ्याच्या दरीसारखी दिसू लागली आहे. सतत वाहणारं पाणी तळ कापत जातं आणि सुळके बनायला उसंत देत नाही. थोडं पाणी, पुष्कळ बर्फ आणि मोठी उंची एवढं जमलं तरच ब्राइस तयार होतं. पाट आजही चालू आहे आणि गावची शेती त्यावर होते.

या प्रदेशात या शेतकऱ्यांच्याही खूप आधीपासून इथले मूळ रहिवासी असलेले पायूट लोक राहत आले आहेत. त्यांच्या कथेत हे सुळके म्हणजे पूर्वी इथे राहणारे लोक; ते वाईट वागले म्हणून कोयोटीने (लांडग्यासारखा एक प्राणी) त्यांना दगड करून टाकलं, आणि अजून त्यांचे चेहरे दिसतात, कुणी उभे, कुणी बसलेले. संध्याकाळी सावल्या लांबतात तेव्हा ही कथा सांगणाऱ्यांनी किती बारकाईने पाहिलं असेल ते कळतं. उद्यानाला नाव मिळालं ते एबेनेझर ब्राइस या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या सुताराचं. १८७० च्या दशकात तो या वाटीच्या पायथ्याशी येऊन राहिला, लाकूड आणण्यासाठी त्याने वाट केली, आणि काही वर्षांनी ॲरिझोनाला निघून गेला. १९२३ साली ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९२८ मध्ये आजच्या नावाने राष्ट्रीय उद्यान.

आपल्या शरीराला ही उंची कशी लागते

आठ-नऊ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, पण हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात एक चतुर्थांश ऑक्सिजन कमी. मुंबईहून किंवा कोकणातून आलेल्या माणसाला हा फरक पहिल्या दिवशी जाणवतो. डोकं जड होणं, झोप नीट न लागणं, भूक मंदावणं, थोड्या चालण्याने धाप लागणं, हे बऱ्याच जणांना होतं आणि एक-दोन दिवसांत कमी होतं. लास वेगास दोन हजार फुटांवर आहे. तिथून सकाळी निघून दुपारी थेट वाटीत उतरण्या-चढण्यापेक्षा एक रात्र आसपास मुक्काम करावा आणि मोठं चालणं दुसऱ्या दिवशी ठेवावं. पाणी तहान लागण्याआधीच प्यावं, कारण कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो आणि आपण किती पाणी गमावतोय ते कळत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागीही धाप लागू लागली तर न थांबता गाडीने खाली उतरावं. त्यावर उतरणं हाच खरा इलाज आहे.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गडावर जाताना आपण आधी चढतो, ताजेतवाने असताना, आणि दमल्यावर उतरतो. ब्राइसमध्ये नेमकं उलटं. सुरुवातीला उतार असतो, आजूबाजूला रंग असे की पाय आपोआप खाली पळतात, आणि परतीचा सगळा चढ शेवटी येतो, दुपारच्या उन्हात, विरळ हवेत. म्हणून किती खाली जायचं हे आपण वर कसे येणार याचा विचार करून ठरवावं. वाटेवर बारीक सुटे खडे असतात. आपण ज्याला घसारा म्हणतो तोच. इथे होणाऱ्या दुखापतींत पाय मुरगळणं आणि घसरणं यांचंच प्रमाण मोठं आहे, तेव्हा सपाट तळव्यांचे बूट नकोत, पकड असलेले हवेत.

एकच वाट करायची असेल तर क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप जोडून करावी. एकूण सुमारे तीन मैल आणि सहाशे फुटांचा चढ-उतार. सनराइज पॉइंटने उतरून सनसेट पॉइंटने वर यावं. उतार त्या बाजूने सौम्य आहे. सुळक्यांच्या मधून, कमानींच्या खालून वाट जाते, आणि वरून जे नक्षीकाम वाटत होतं त्याची खरी उंची तेव्हा कळते. वॉल स्ट्रीट उघडी असेल तर तिथे दोन डग्लस फरची झाडं दिसतील. उंच भिंतींच्या तळाशी रुजलेली ही झाडं उजेडासाठी सरळसोट वर गेली आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी मुळीच हिरमुसू नये: सनराइज ते सनसेट पॉइंट ही अर्ध्या मैलाची कडेकडेची वाट पक्की, बरीचशी सपाट आहे आणि तिथून दिसणारं दृश्य कशालाही कमी नाही.

सनसेट पॉइंटच्या नावावर जाऊन संध्याकाळी तिथे रंग बघायला जाणाऱ्यांची थोडी निराशा होते. वाटीचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे मावळतीला ती सावलीत जाते. खरी वेळ पहाटेची. सूर्य क्षितिजावर आला की प्रकाश एका भिंतीवर पडून समोरच्या भिंतीवर परततो आणि सुळके आतून पेटल्यासारखे दिसतात. त्यासाठी अंधारात उठावं लागतं, आणि घड्याळ तपासावं लागतं: युटाची वेळ नेवाडापेक्षा एक तासाने पुढे आहे, आणि उन्हाळ्यात ॲरिझोनापेक्षाही. लास वेगासहून आलेल्यांचा सूर्योदय एवढ्यासाठी चुकतो.

जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग चढतात आणि विजा पडतात. नऊ हजार फुटांच्या उघड्या कडेवर माणूस हीच सर्वांत उंच वस्तू असू शकते, आणि विजेने इथे माणसं दगावली आहेत. गडगडाट ऐकू आला की व्ह्यू पॉइंट सोडून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जावं, झाडाखाली थांबू नये. चालणं सकाळीच आटोपलेलं बरं. ऊनही फसवं असतं: हवा गार लागते पण उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के. टोपी आणि सनस्क्रीन हवेतच. उन्हाळ्यात दिवसा पंचवीस-सत्तावीस अंश आणि पहाटे सात-आठ, असा एकाच दिवसाचा पल्ला असतो, म्हणून कपडे थरांमध्ये घालावेत.

मुक्काम केलाच तर रात्र वाया घालवू नका. विरळ, कोरडी हवा आणि आसपास मोठं शहर नाही, यामुळे अमावस्येच्या सुमारास इथून साध्या डोळ्यांना साडेसात हजारांपर्यंत तारे दिसू शकतात. २०१९ साली या उद्यानाला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, आणि उद्यानाचे रेंजर इथे १९६९ पासून लोकांना आकाश दाखवत आले आहेत. उन्हाळ्यात आकाशगंगेचा पट्टा इतका ठसठशीत दिसतो की मुलांना बोट दाखवावं लागत नाही. टॉर्चवर लाल कागद लावावा, मोबाइल खिशात ठेवावा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं द्यावीत.

मुख्य व्ह्यू पॉइंटची गर्दी टाळायची तर एप्रिल ते ऑक्टोबर चालणारी शटल बस घ्यावी, ती प्रवेशशुल्कातच धरलेली असते. दक्षिण टोकाला जायचं तर आधी थेट रेनबो पॉइंट गाठावा आणि येताना थांबत यावं; सगळे पॉइंट रस्त्याच्या पूर्वेला असल्याने परतताना ते उजव्या हाताला येतात, गाडी वळवणं सोपं जातं. टोकाला योविम्पा पॉइंट आहे. स्वच्छ हवेत तिथून शंभर मैलांच्या आसपासचं दिसतं, आणि दक्षिणेला ग्रँड कॅन्यनच्या दिशेने खडकांच्या पायऱ्या उतरत गेलेल्या दिसतात. ब्राइसचा दगड सर्वांत वरच्या पायरीचा, झायनचा मधल्या, ग्रँड कॅन्यनचा खालच्या. तिथेच जवळ एक मैलाची ब्रिसलकोन लूप आहे, बारा महिने वारा खाणारी, पिळवटलेली पाइनची झाडं बघायला. या जातीची इथली सर्वांत जुनी झाडं दीड हजार वर्षांच्या घरातली आहेत.

खर्चाचं एक सांगायला हवं, कारण भारतातून येणाऱ्यांना ते थेट लागू होतं. गाडीमागे प्रवेश ३५ डॉलर आहे, पण २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या पर्यटकांना ब्राइससह अकरा मोठ्या उद्यानांत वर माणशी १०० डॉलर जादा पडतात. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा. झायन आणि ग्रँड कॅन्यनही त्या अकरांत आहेत, तेव्हा आईबाबांना घेऊन तिन्ही करायचे असतील तर पासच परवडतो. नियम बदलत असतात. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं.

हिवाळ्याबद्दल लोक घाबरवतात, पण मला विचाराल तर जमत असेल त्याने जानेवारी-फेब्रुवारीत जावं. लाल सुळक्यांच्या डोक्यावर आणि कंगोऱ्यांवर पांढरं बर्फ बसलेलं असतं, गर्दी अगदी तुरळक, आणि दिवसा ऊन असतं. बुटांना लावायचे खिळे असलेले पट्टे सोबत हवेत, कारण सावलीतल्या वाटांवर बर्फ दगडासारखा कडक होतो. बर्फ पडल्यावर दक्षिणेकडचा रस्ता साफ होईपर्यंत बंद ठेवतात, म्हणून बेत एक दिवस मागेपुढे करता येईल असा ठेवावा. दुपारी सुळक्यांवरून पाणी ठिबकताना दिसलं तर थोडा वेळ तिथे थांबा. तेच पाणी काही तासांनी भेगेत गोठणार आहे.